भिंतीवरचा जुना कागद

खरेदीखत झाले की घराच्या भिंती आपल्या होतात. मग तिथे आधीच्या माणसांनी हौसेने चिकटवलेला कागद कोणाचा? कायदा म्हणतो, तोही आपलाच. मन मात्र जरा घुटमळते.

विलायतेतील जुन्या घरांत अशा कागदांचे थरावर थर सापडतात. खरवडणे जिवावर येते, म्हणून प्रत्येकाने आधीच्यावर आपला कागद डकवलेला! कोणी याला परंपरेचा आदर म्हणेल. मला तो आळस वाटतो. स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाने १७७५ साली तयार केलेल्या हिरव्या रंगात सोमल होता, आणि एकोणिसाव्या शतकात असल्याच हिरव्या कागदांनी दिवाणखाने सजले. वर नवी फुले डकवली म्हणून खालचे विष जात नाही. ओल धरली की जुन्या खळीवर बुरशीही चढते.

मग सरसकट फाडून टाकावे काय? तसेही नाही. थर आधी निरखावेत. एखादा सुंदर तुकडा जपावा. विषारी असेल तो जाणत्याकडून काढवावा.

वाडवडिलांच्या रूढींचेही असेच आहे. न पाहता झाकणे आणि न पाहता फाडणे, दोन्ही सारखेच बेपर्वाईचे. निवडीचा हक्क नव्या मालकाचा खराच; पण तो पाहण्याचे कष्ट घेतल्यावर मिळतो.