कानात बोळे घालून गाडी चालवावी का?

‘कानात बोळे घातलेत का?’ हा प्रश्न मराठीत कुणी चौकशी म्हणून विचारत नाही. ती शिवी नसली तरी ठपका असतो. हाक मारली आणि ओ दिली नाही, काम सांगितलं आणि केलं नाही, की हे वाक्य येतं. कानावर हात ठेवणं, ऐकून न ऐकल्यासारखं करणं, या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देणं... आपल्या भाषेत न ऐकणारा माणूस बहुतेक वेळा दोषीच असतो.

त्यामुळे बाइकवर लांब जाताना इअरप्लग घालणाऱ्याला पहिला विरोध होतो तो या ठपक्याचा. नगरहून पुण्याला निघालेला कुणी हेल्मेट चढवण्याआधी कानात फोमचे दोन तुकडे सारताना दिसला, की शेजारचा म्हणणारच, ‘अरे, मागून ट्रक आला तर ऐकू कसा येणार?’ या प्रश्नाला हसून सोडून देता येत नाही. मी माझा कान जपायचा आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्यानं मोजायची, असं होत असेल तर ते योग्य आहे का?

आधी कानाला नेमकं काय होतं ते पाहू. अनेकांना वाटतं की त्रास इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा असतो. ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे खरा आवाज वाऱ्याचा असतो. हेल्मेटच्या खालच्या कडेला, हनुवटीपाशी हवा घुसळते आणि तो घरघराट थेट कानाशी होतो. ताशी ६०च्या आसपास तो साधारण ९० डेसिबल असतो आणि १००च्या वेगाला १००च्या जवळ जातो. महागडं हेल्मेट तो थोडा कमी करतं, बंद करत नाही.

डेसिबलचा हिशोब साधा वाटतो, पण फसवा आहे. ८५ डेसिबल ८ तास सोसणं ही सुरक्षिततेची सर्वसाधारण मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ८८ला ४ तास, ९१ला २ तास, ९४ला १ तास, ९७ला अर्धा तास आणि १००ला फक्त १५ मिनिटं. नगर ते पुणे हे अंतर साधारण १२० किलोमीटर आहे. म्हणजे कानाचा दिवसभराचा कोटा वाटेतच कुठेतरी संपतो. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशी हा आवाज झेलतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीतले आवाज जातात आणि बोलण्यातले ‘स’, ‘फ’, ‘थ’ अंधूक होतात. काहींच्या कानात शांत खोलीतही शिट्टी वाजत राहते.

कारखान्यांसाठी आपल्याकडे नियम आहे : ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा. म्हणून प्रेसवर काम करणाऱ्याच्या गळ्यात दोरीला बांधलेले प्लग दिसतात. सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्ट संपली की तोच कामगार प्लग काढून खिशात ठेवतो आणि बाइकला किक मारतो. कानाला मात्र ड्युटी सुटल्याचं कळत नाही. त्याच्या लेखी तो एकच दिवस असतो.

‘एवढ्यानं काय होतं’ म्हणणाऱ्यांसाठी नगरमध्येच एक उत्तर आहे. हे रणगाड्यांचं शहर आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथं आहे, रणगाड्यांचं संग्रहालय इथं आहे आणि लष्करी वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई ही संस्थाही इथलीच. रणगाड्यातल्या जवानानं कान झाकले म्हणून त्याला कुणी नाजूक म्हणत नाही. मग बुलेटवाल्यानं झाकले तर त्याची मर्दानगी कशी कमी होते?

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. आपल्या रस्त्यांवर एक अलिखित करार आहे, आणि तो कित्येक ट्रकच्या पाठीवर रंगवलेलाही असतो : हॉर्न ओके प्लीज. त्याचा अर्थ असा की, मी मागे बघणार नाही, तू वाजव. तू वाजवलंस की ऐकणं माझं काम. महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं २०१५ साली व्यावसायिक वाहनांवर हे शब्द लिहायला बंदी घातली, कारण त्यानं विनाकारण हॉर्न वाजवण्याला प्रोत्साहन मिळतं. शब्द पुसले तरी करार चालूच आहे. अशा रस्त्यावर कान बंद करणं म्हणजे करार एकतर्फी मोडणंच की!

पण वेगात असताना तो करार वाऱ्यानं आधीच मोडलेला असतो. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो. उन्हात गॉगल घातला की सगळंच मंद होतं, तरी डोळे दिपत नसल्यामुळे जास्त नीट दिसतं, तसंच काहीसं. मात्र इथं एक मेख आहे. साधा फोमचा प्लग खालच्या पट्टीपेक्षा वरच्या पट्टीतले आवाज जास्त अडवतो. वाऱ्याची घरघर खालच्या पट्टीतली, तर हॉर्न आणि माणसाचं ओरडणं त्याहून वरचं. म्हणजे नको ते थोडं जास्त उरतं आणि हवं ते थोडं जास्त जातं. त्यामुळे कोणता प्लग घ्यायचा, हा प्रश्न फक्त आरामाचा राहत नाही. बारीक छिद्रातून आवाज गाळून आत सोडणारे फिल्टरवाले प्लग महाग असतात, पण बोलणं आणि हॉर्न त्यातून जास्त नैसर्गिक ऐकू येतात.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयानं कर्णबधिर व्यक्तींना वाहन परवान्याचा मार्ग मोकळा केला : चाचणी पास झाले, तर ऐकू येत नाही एवढ्या कारणानं त्यांना अडवता येणार नाही. म्हणजे ऐकणं ही गाडी चालवण्याची अट नाही, बघणं आहे. कर्णबधिर चालक आरशात बघतो, पुन्हा पुन्हा बघतो, कारण कुणी हॉर्न वाजवून त्याला सांगेल यावर तो विसंबू शकत नाही. प्लग घालणाऱ्यानं हीच जबाबदारी अंगावर घ्यायला हवी. कानाचं जेवढं कमी केलं, तेवढं डोळ्यानं भरून द्यायचं. घरच्या गाडीचे आरसे काढून ठेवलेले असतील, तर कानात प्लग घालण्याचा नैतिक हक्क आपल्याला नाही.

शिवाय रस्त्यावर सगळेच हॉर्न वाजवत नाहीत. नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीला निघालेले पदयात्री, हंगामात उसाच्या बैलगाड्या घेऊन कारखान्याकडे निघालेले गाडीवान, शाळेतून सायकलवर घरी परतणारी मुलं. त्यांचा आवाज हळू असतो आणि टक्कर झाली तर मार तेच खातात. गावात शिरल्यावर वेग ३०वर येतो, वारा थांबतो आणि प्लगचं समर्थनही तिथंच थांबतं. तिथं एखादं पोर ‘ओ काका’ म्हणून ओरडलं, तर ते ऐकू यायलाच हवं. म्हणून प्लग हा हमरस्त्यासाठी. चौकाचौकातून, बाजारातून जायचं असेल तर कान मोकळे. दर वेळी हेल्मेट काढून प्लग काढणं जिवावर येतं हे खरं. म्हणूनच माणसाचा आवाज आत येऊ देणारा प्लग निवडावा आणि गावातला वेग आणखी उतरवावा.

हेडफोन लावून गाणी ऐकणारे म्हणतात, आमचंही तेच. तेच नाही. प्लग कानावरचं ओझं काढतो, गाणं लक्षातला वाटा मागतं. कान झाकणं आणि कान भरणं यात फरक आहे.

राहता राहिला एक प्रश्न. सगळ्यांनी कान झाकले, तर गोंगाटाविरुद्ध बोलणार कोण? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरला ती ठाऊक नसते. पाणी घाण आलं की घरोघर फिल्टर बसवायचा आणि नळाबद्दल गप्प राहायचं, तसं इथं होऊ नये. यात एक भेद करता येतो. हेल्मेटखालचा वारा माझ्याच वेगानं तयार झालेला आहे, त्याची तक्रार कुणाकडे करणार? त्यासाठी प्लग. हॉर्न आणि सायलेन्सर दुसऱ्यानं लादलेले आहेत. त्यासाठी प्लग नाही, तक्रार.

फोमची जोडी चहा-वड्याच्या पैशात मिळते. बोटांत लाटून बारीक करायची, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरायची. सवयीला दोन दिवस लागतात. मग मुक्कामी उतरल्यावर घरातलं माणूस हळू आवाजात काही बोललं, तरी ते पहिल्याच वेळी ऐकू येतं.