सोपवणे आणि सोडून देणे

मोटरसायकलचे ऑइल स्वतः बदलावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे हिशेबाचा म्हणून मांडला जातो. एका बाजूला सर्व्हिसचे बिल, दुसऱ्या बाजूला ऑइलच्या डब्याची किंमत, आणि मध्ये आपल्या रविवारच्या तासाभराचा भाव. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनेही आली, तेव्हा ही चर्चा जरा खोल जाईल असे वाटले होते. पण बोलणे सुटे भाग, त्यांच्या किमती आणि वॉरंटी यांच्यापलीकडे फारसे गेले नाही. आपण रोज जिच्यावर बसतो ती वस्तू आपल्याला कळावी अशी इच्छा मुळात आहे का, हे कोणी फारसे विचारत नाही.

पैसे वाचतात हे खरे, पण तो मुद्दा छोटा आहे. पाना हातात घेतल्याने मन शांत होते, असे रॉबर्ट पर्सिगच्या मोटरसायकल देखभालीवरच्या १९७४ च्या पुस्तकाचा हवाला देऊन सांगणारे आहेत. मनःशांती इतर मार्गांनीही मिळते. नव्या गाड्यांना हात लावू नये, हेही अर्धेच खरे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही प्रदूषण-मानके आली, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, पण इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट जिथे होता तिथेच आहे.

खरा प्रतिवाद करायचा तो एकाच मताचा: ‘ज्याचे काम त्याने करावे, माझा तास माझ्या कामात जास्त मोलाचा आहे.’ सुशिक्षित माणूस हे इतक्या सहजपणे बोलतो की ते तपासून पाहण्याची गरजच त्याला वाटत नाही. पगारदाराचा रविवारचा तास कोणी विकत घेत नाही, हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. वकिलाचा किंवा डॉक्टरचा तास खरोखर विकला जातो. त्यांच्यासाठी तरी हे मत बरोबर आहे का? माझ्या मते नाही. कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: काम झाले की नाही आणि कसे झाले, हे पैसे देणाऱ्याला कळते. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी नेमक्या अशा सेवांकडे लक्ष वेधले, ज्यांचा दर्जा ग्राहकाला सेवा घेऊन झाल्यावरही ठरवता येत नाही. दुरुस्तीची कामे त्यांतच मोडतात. कोणत्या ग्रेडचे ऑइल घातले, ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला की जुनाच दाबून बसवला, जाळी साफ केली की नाही, यातले काहीही गाडी घरी आणल्यावर दिसत नाही. मग ग्राहक जे दिसते त्यावर समाधान मानतो: धुतलेली टाकी, चमकणारी चेन, छापील बिल. ज्याला तो तासाचा व्यवहारी सौदा म्हणतो, त्यात विकत काय घेतले हेच त्याला ठाऊक नसते.

अॅडम स्मिथचा आधार इथे नेहमी घेतला जातो. त्याच्या १७७६ च्या ग्रंथाच्या आरंभी श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून टाचण्यांचा कारखाना आहे, तो सर्वांना आठवतो. त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात, जन्मभर दोन-चारच क्रिया करत राहणाऱ्या माणसाची बुद्धी कशी मंद होते, याबद्दल स्मिथने लिहिले आहे. ते मात्र कोणी आठवत नाही. आणि आपल्या समाजात ‘ज्याचे काम त्याने करावे’ हे वाक्य नुसते अर्थशास्त्राचे राहूच शकत नाही. जातिव्यवस्था केवळ श्रमांचीच नव्हे, श्रमिकांचीही विभागणी करते, हे आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडले. ऑइलच्या डब्याची छापील किंमत मुकाट्याने देणारा माणूस मेकॅनिकच्या मजुरीत मात्र घासाघीस करतो, याचे मूळ मला तिथे दिसते. ती मजुरी कशाची आहे, हे त्याने कधी आपल्या हातांनी अनुभवलेले नसते.

म्हणून मला ‘स्वतः करणे’ आणि ‘दुसऱ्याकडून करून घेणे’ हा भेद निरुपयोगी वाटतो. महत्त्वाचा भेद दुसऱ्याकडून करून घेण्याच्याच पोटात आहे: काम सोपवणे वेगळे, सोडून देणे वेगळे. काम सोपवणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे माहीत असते आणि परत घेताना काय पाहायचे हेही माहीत असते. सोडून देणारा फक्त चावी देतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तीच गाडी, तोच मेकॅनिक, तेवढेच पैसे.

यावर कोणी म्हणेल, मग शस्त्रक्रियेआधी आम्ही शस्त्रक्रियाही शिकावी का? नाही. तिथे परवाना आहे, परिषद आहे, नोंदी आहेत, तक्रारीला जागा आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजात ग्राहकाच्या नजरेखेरीज दुसरी देखरेख नसते. शिवाय हे काम शिकायला लागते ते सगळे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत आणि दोन-तीन पान्यांत आहे.

ही नजर पहिल्याच वेळी तयार होते, म्हणून पहिल्या वेळेचे महत्त्व. पुस्तिकेत ऑइलच्या बहुधा दोन मात्रा असतात, एक नुसते बदलतानाची आणि दुसरी इंजिन उघडल्यानंतरची, कारण थोडे जुने ऑइल आत राहतेच. हा फरक ज्याला माहीत नाही तो जास्त ओततो. जास्त ऑइल क्रँकने घुसळले जाते, ब्रीदरवाटे एअर फिल्टरपर्यंत पोचू शकते. इंजिन थोडे गरम करून, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून बोल्ट सोडला की ऑइल पातळ होऊन मळासकट वाहते. ते काळे असते. काळे म्हणजे खराब असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात काजळी धरून ठेवणे हे त्यातल्या डिस्पर्संट द्रव्यांचे कामच आहे. नुसत्या रंगावरून ‘ऑइल गेले’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी काय विचारायचे, ते इथे समजते. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलात चालतात, म्हणून डब्यावर जासो या मानकाची एमए किंवा एमए२ अशी खूण हवी. घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले कारचे ऑइल घातले तर क्लच घसरू शकतो. आणि बोल्ट परत बसवताना हाताला जे कळते ते वाचून कळत नाही: इंजिनाचे केसिंग अॅल्युमिनियमचे असते, आटे मऊ असतात, पाना घट्ट लागल्याची जाणीव होते तिथेच थांबायचे.

ब्रेक फ्लुइडबाबत मी वेगळा सल्ला देईन. ऑइलातली चूक बहुधा वेळ देते, ब्रेकमधली देत नाही. डॉट-४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी शोषल्यावर किमान १५५. हवेतली आर्द्रता ते शोषत राहते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचे. कोकणच्या पावसाळ्यात मुरलेले फ्लुइड घेऊन वरंधा किंवा कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, की तापून त्यात वाफ होऊ शकते आणि लिव्हर पोकळ लागतो. फ्लुइड बदलताना लिव्हर दाबून धरणे, निपल सैल करणे, बंद करणे, मगच लिव्हर सोडणे, हा क्रम चुकला तर हवा आत जाते. हे पहिल्यांदा जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसून, त्याला त्याची पूर्ण मजुरी देऊन करावे. गाडीला कूलंट असेल तर तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नये. आणि कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी व चवीला गोड असते, तेव्हा ते उघड्या भांड्यात ठेवू नये.

एकदा केल्यावर पुढच्या वेळी गॅरेजला जाण्यात काहीच कमीपणा नाही. मीही जातो. फक्त आता मी डबा माझ्यासमोर फोडायला सांगतो, वॉशर नवा आहे का पाहतो, आणि मजुरीत घासाघीस करत नाही. राहता राहिले ते निघालेले काळे ऑइल. कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतणे हेही सोडून देणेच आहे. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात ते भरा, झाकण घट्ट लावा आणि ज्या गॅरेजात जुन्या ऑइलचा ड्रम ठेवतात तिथे स्वतः नेऊन द्या.