दंड आणि दोष

वेरूळच्या कैलास लेण्यात गेलो की माझी नजर आधी शिखराकडे जात नाही. जोत्याशी कोरलेल्या हत्तींकडे जाते. एवढे थोरले मंदिर पाठीवर तोलून ते बाराशे वर्षांहून अधिक काळ उभे आहेत. ओझे किती असावे, हे त्यांना कोणी विचारले नसणार. गेल्या श्रावणात हे हत्ती मला निराळ्याच कारणाने आठवले.

घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन मी कसाबखेडा फाट्यावर चहाला थांबलो होतो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक ट्रकचालक मोबाइलकडे टक लावून बसला होता. माझ्या पांढऱ्या केसांवरून त्याने मला मास्तर ठरवले आणि म्हणाला, “गुरुजी, एवढं वाचून सांगता का?” दोन दंडांच्या नोंदी होत्या. एक जादा वजनाची. दुसरी, कुठल्याशा शहरात मनाईच्या जागी गाडी उभी केल्याची; पण सोबतच्या छायाचित्रात त्याचा ट्रक नव्हताच, एक टेम्पो होता. त्या दिवशी ट्रक कन्नडला गॅरेजात पडून होता, आणि गॅरेजची पावती त्याच्या खिशात होती.

“म्हणजे पहिली नोंद खरी आणि दुसरी खोटी,” मी म्हणालो.

“व्हय. पण फरक काय पडतो गुरुजी? मालक दोन्ही पगारातूनच कापणार. गाडी तुझ्या ताब्यात, दंड तुझा, म्हणतो.”

फरक काय पडतो? हा प्रश्न त्याने सहज टाकला, पण मला तो घरापर्यंत पुरला. ज्याला खऱ्या आणि खोट्या आरोपाची किंमत एकच मोजावी लागते, त्याच्या लेखी हळूहळू खरे आणि खोटे यांचेही वजन सारखे होते. मग उरते ती फक्त युक्ती. त्या युक्त्या त्याने मला बोटांवर मोजून दाखवल्या. आडरस्त्याने जावे, रात्री निघावे, पाटीवर चिखल बसला तर पुसू नये, आणि काहीच जमले नाही तर ‘एंट्री’ द्यावी. यांत दंड चुकवण्याची विद्या पुष्कळ होती. दोष टाळण्याची मात्र एकही नव्हती. वास्तविक तो मार्ग फार साधा आहे. निघण्यापूर्वी काटा करावा, त्याची पावती जवळ ठेवावी, विमा, परमिट, फिटनेस यांच्या तारखा पाहाव्यात. कागद हातात नसले तरी सरकारमान्य रीतीने मोबाइलमध्ये ठेवलेले चालतात, अशी सोय २०१८ पासून आहे. परंतु काटा करून माल नाकारणाऱ्याला पुढची खेप मिळेल काय, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

त्याला उपदेश करण्याचा मला अधिकारही नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वी स्कूटरचा विमा संपलेला असताना मला रस्त्यात अडवले गेले, आणि मी पन्नास रुपये पावतीवाचून देऊन सुटलो. त्या दिवशी मला लाज वाटली नाही, आपण हुशार आहोत असेच वाटले. नंतर कळले, की त्या पन्नास रुपयांत मी माझा तक्रारीचा हक्कही देऊन टाकला होता. चिरीमिरी देणारा दोषी असो वा निर्दोष, देताक्षणी तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो.

कायदा या बाबतीत आपण समजतो तितका आंधळा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा ठरला. रक्कम जबर आहे. पण दोन टन जादा माल घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापले म्हणजे समोरून येणाऱ्याचे काय होते, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. कन्नडच्या औट्रम घाटातून जड वाहनांना ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मनाई झाली, ती काही उगाच नव्हे. मात्र त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे. दंड गाडी हाकणाऱ्याला आहे, तसाच ती हाकायला लावणाऱ्यालाही आहे; आणि चालक हा मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला. “हे कुठं लिहिलंय ते मालकाला कोण वाचून दाखवणार?”

म्हणून मला असे वाटते, की खोट्या दंडाशी भांडणे हे पैशाचे काम नव्हे. त्या लढ्यात एक दिवसाची मजुरी बुडेल, कदाचित दंडापेक्षा खर्च अधिक होईल. पण दंड भरून प्रकरण मिटवणे ही सवलत आहे, सक्ती नाही. कबूल नसेल त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहून ‘हे मी केलेले नाही’ असे म्हणता येते. हे वाक्य उच्चारता येणे ही माणसाची मिळकत आहे. ज्याने ते खोट्या दंडाच्या वेळी उच्चारले, त्यालाच खऱ्या दंडाच्या वेळी ‘हे मी केले, पण एकट्याने नव्हे’ असे म्हणण्याचे बळ येते.

हॉटेलवाल्याकडून कागद मागून मी त्याला अर्ज लिहून दिला. गाडीचा क्रमांक, तारीख, गॅरेजची पावती, छायाचित्रातला टेम्पो, सगळे क्रमाने. त्याने खाली सही केली, ती फार जपून. मग विचारले, “आणि वजनाच्या दंडाचं?”

“तिथं भांडायला जागा नाही, भाऊ. तो खरा आहे. पण माल कोणी भरायला लावला, हे सांगायला जागा आहे.”

तो बराच वेळ गप्प बसला. त्याच्या घरी खाणारी तोंडे किती, ते मी विचारले नाही. शेवटी त्याने अर्जाची घडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि दुसरा कोरा कागदही मागून घेतला. त्यावर काही लिहिले गेले की नाही, मला ठाऊक नाही. ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्या मागच्या चाकांकडे पाहत होतो.

दगडाच्या हत्तींना ओझ्याबद्दल बोलता येत नाही. माणसाला येते, आणि म्हणूनच त्याचे गप्प राहणे आपण सगळ्यांनी मिळून इतके स्वस्त करू नये.