मागची बाजू

लढाईचा म्हणून जो फोटो आपल्या घरात असतो, त्यात लढाई नसते. एक लाकडी खुर्ची असते. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर तळे नाहीतर महाल. पुढे नव्या खाकीतला वीस वर्षांचा पोरगा, हातांचे काय करावे हे न कळल्यासारखा ताठ उभा. कोरेगावपासून तासगावपर्यंत अशी तसबीर नसलेले गाव शोधावे लागेल.

फोटो बहुधा बेळगावचा. मराठा पलटणींचे शिक्षण १९२२ पासून तिथे होते. कसम झाली, की कडक इस्त्रीच्या कपड्यांत स्टुडिओ गाठायचा आणि एक प्रत घरी धाडायची. पत्र लिहिणे सगळ्यांना जमत नसे. मी बरा आहे, पोटभर जेवतो, अंगावर सरकारी कपडा आहे, एवढे सगळे तो फोटो बोलायचा.

सेनापती कॅमेऱ्यापुढे उभा राहतो तेव्हा पुढची शंभर वर्षे आपल्याकडे बघणार आहेत, हे त्याला ठाऊक असते. भरतीच्या पोराला आई बघणार आहे, एवढेच ठाऊक असते.

०००

२९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियातले कुत-अल-अमारा पडले. १४७ दिवसांचा वेढा, मग शरणागती. आत कोंडलेल्या फौजेचे नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १०३ म्हणजे आजची जंगी पलटण. तिची माणसे कोकणातली आणि घाटावरची, म्हणजे आपल्याच दारातली.

त्या वेढ्याचे दोन फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

एकात जनरल टाउनशेंड आहे. शरणागती झालेली आहे आणि तो तुर्की सेनापती खलील पाशाबरोबर फोटोत आहे. दोघांची नावे इतिहासाला पाठ आहेत. टाउनशेंडची उरलेली कैद इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, घरात, नोकरचाकरांसह गेली. कैदेत असतानाच तो 'सर' झाला.

दुसरा फोटो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आलेला एक हिंदी शिपाई. फासळ्या मोजता येतात. खालच्या ओळीत लिहिले आहे ते इतकेच, की कुतच्या वेढ्यातून वाचलेला हा एक हिंदी सैनिक. नाव नाही. पलटण नाही. गाव नाही.

टाउनशेंड बेटावर होता त्या काळात त्याचे शिपाई वाळवंटातून चालवले जात होते. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली होती. त्यांतल्या एका माणसाचे हाडामासाचे चित्र आपल्यापर्यंत पोहोचले, आणि नेमके त्याचे नाव वाटेत गळाले.

वेढ्यात धान्य संपत आले तेव्हा घोडी कापली गेली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी आठवडे खाल्ले नाही. धर्म बुडेल, आणि गावी गेल्यावर पंगतीत कोण घेईल? भाकरीचा तुकडा रोज लहान होत होता, आणि तैग्रिसच्या काठावर मरणाच्या दारात बसलेल्या माणसाच्या पाठीवर नजर होती ती गावाची. ज्या गावाची त्याला इतकी भीड होती, त्या गावाला आज त्याचा चेहरा ओळखता येत नाही. मला यापेक्षा मोठे दुःख त्या फोटोत दिसत नाही. फासळ्यांचे सुद्धा नाही.

०००

बसऱ्याला त्या मोहिमेचे स्मारक आहे. १९२९ मध्ये उघडले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिकांसाठी. गोऱ्या शिपायाचे नाव दगडात कोरले. हिंदी अधिकाऱ्याचे, सुभेदार-जमादाराचेही कोरले. साध्या हिंदी शिपायाचा मात्र पलटणवार आकडा घातला: आणि आणखी इतके.

त्यांची नावे वहीत होती. दगडावर नव्हती.

हे स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून बत्तीस किलोमीटर दूर, नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन उभे केले. शिळा हलवता येतात, पुन्हा जोडता येतात. न कोरलेले नाव कोण हलवणार? एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली माफी ऐकायला घरात कोण उरलेले असते?

आपल्याकडेही दगड आहेत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगावी फळ्या बसवल्या. मजकूर ठरलेला: या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, असे गाव सांगते. त्या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. सेहेचाळीस. एवढ्याशा गावात तेव्हा उंबरे असून असून किती असतील? शेजारच्या घरी बातमी आली म्हणून सांत्वनाला गेलेली बाई परत येईतो तिच्याही दारात तार आलेली असणे, असे ते वर्ष असणार.

दगडाकडे आकडा आहे. वहीकडे नाव आहे. भिंतीकडे चेहरा आहे. शंभर वर्षे झाली, या तिघांची गाठ पडलेली नाही.

०००

जिवंत माणसाच्या फोटोला आपण हार घालत नाही. हा साधा रिवाज किती क्रूर होऊ शकतो, हे ज्यांचा माणूस बेपत्ता आहे त्यांना विचारावे.

१९७१ च्या युद्धानंतर ५४ जण परतले नाहीत आणि मेल्याचा पुरावाही आला नाही. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे होते. ५ डिसेंबरला त्यांचे विमान शोरकोटवर पडले. त्यांची पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, आयुष्यभर शोध घेत राहिल्या. त्याच महिन्यात, २७ डिसेंबरच्या 'टाइम' साप्ताहिकात, पाकिस्तानातल्या गजाआडच्या एका कैद्याचा फोटो छापून आला. घरच्यांनी तो मेजर अशोक कुमार घोष यांचा म्हणून ओळखला. मेजर घोष परत आले नाहीत.

एरवी फोटो म्हणजे गेलेल्या माणसाचे राहिलेले. इथे फोटोच म्हणतो की माणूस आहे, आणि माणूस येत नाही. अशा फोटोला हार घालायचा कधी? कोणी ठरवायचे? हार घातला तर आशा मारल्याचे पाप. नाही घातला तर श्राद्धावाचून ठेवल्याचे. मधल्यामध्ये फोटो नुसताच असतो, रोज पुसला जातो.

०००

६ डिसेंबर १९७१ ला पंजाबच्या सीमेवर बुर्ज येथे १५ मराठाचा शिपाई पांडुरंग साळुंखे शत्रूच्या रॉकेट लाँचरवर झेपावला, लाँचर हिसकावला आणि तिथेच पडला. तासगाव तालुक्यातले मणेराजुरी त्याचे गाव. मरणोत्तर महावीर चक्र.

वीरांच्या दालनात लागतात ते फोटो बहुधा कागदपत्रांचे. ओळखपत्रासाठी काढलेले, तोंड समोर, मान सरळ. पराक्रमाच्या क्षणाचा फोटो कुणी काढलेला नसतो. काढणारा त्या क्षणी तिथे असता तर त्याच्याही हातात बंदूकच असती. म्हणून आपण महावीर म्हणून ज्याला हात जोडतो, त्या चित्रातल्या पोराला महावीर शब्द अजून भेटलेला नसतो. हे कमीपणाचे नाही. मला तर तेच खरे वाटते: आधी पोरगा होता, मग लढाई झाली.

इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांचे उलटे. १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर गोळ्या लागल्या, कमरेखालचे अंग गेले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक, ३७.३३ सेकंद. युद्धाने जायबंदी केलेल्या सैनिकाचा सगळ्यांत खरा युद्धफोटो पाण्यातला असू शकतो.

०००

वर मी सेनापती आणि शिपाई यांच्यामध्ये एक रेघ ओढली. ती सगळीकडे चालत नाही.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात, आपल्या माणसांबरोबर पुढे असताना पडले. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी; देशातले पहिले सैनिक स्कूल ते, १९६१ चे. २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती चेन्नईहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. एका घरात वर्दीतले दोन फोटो, एकाला हार आणि एकाला नाही.

आणि कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात, कांगावच्या लढाईत, एकाच ब्रिगेडमध्ये तीन हिंदी अधिकारी तीन पलटणींचे प्रमुख होते: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. मराठी माणूस म्हणून थोरातांचा फोटो पाहताना ऊर भरून येतो, आणि येऊ द्यावा. पण त्यांची पलटण पंजाबची होती. त्यांच्या हुकमावर जे टेकडी चढले त्यांच्या तसबिरी पंजाबच्या घरांत, काही कदाचित आज सीमेपलीकडच्या भिंतींवर असतील. आपल्या अभिमानाचा दुसरा अर्धा भाग ज्याच्या घरी टांगलेला आहे, त्याची भाषा आपल्याला येत नाही.

०००

जुनी चौकट उलटी करून बघावी. कुजका पुठ्ठा, चार गंजके खिळे, कोळ्याचे जाळे. फोटो सोडवला तर पाठीवर एक शिक्का असतो: स्टुडिओचे नाव, गाव, कधी फोटो काढणाऱ्याचे आडनाव. ज्याचा काढला त्याचे काहीच नसते. लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती. घरातल्या माणसाचे नाव घरात कोण विसरणार?

तीन पिढ्या पुरतात. पणतू म्हणतो, आमच्यातले कुणीतरी मिलिटरीत होते.

म्हातारी अजून आहे तोवर एवढे व्हावे. पेन्सिल चालते, शाईसारखी ती फुटत नाही. नाव, गाव, पलटण, साल. तिला विचारायला बसले, की ती आधी पदराने काच पुसते, तसबीर दाराच्या उजेडात धरते, बराच वेळ बघते.

"ह्यो थोरला," ती सांगते. "धाकल्याचा फोटू काढायचाच ऱ्हायला."