मूल घरी शिकवावे काय?

२०२० सालच्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे देशातील शाळांना कुलपे लागली आणि शाळेवर निर्धास्तपणे सोपविलेले एक मोठे कर्तव्य घराच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु त्या दिवसांनी उपस्थित केलेला प्रश्न संपलेला नाही. पुन्हा अशी वेळ आल्यास मुलाला शाळेत पाठवावे की घरीच शिकवावे, याचा विचार आज, मन शांत असता, करून ठेवणे इष्ट होय. संकटाच्या घाईत केलेला निर्णय बहुधा भीतीचा असतो, विवेकाचा नसतो.

हा प्रसंग अगदी अपूर्व होता असे नाही. १९३७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडणे लांबले, तेव्हा मुलांना रेडिओवरून पाठ देण्यात आले. आपल्याकडे रेडिओची जागा मोबाईलने घेतली. अडचण मात्र तीच राहिली. ज्याच्या घरी साधन नाही, त्याने काय करावे? गोव्यातील सांगे तालुक्यात पाठ ऐकू यावा म्हणून मुलांना डोंगर चढावे लागले. अनेक घरांत एकुलता एक मोबाईल मुलाच्या हाती गेला आणि मुलगी चुलीपाशी व धाकट्या भावंडांपाशी राहिली. ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा २७.३ होती, ती २०२२ साली २०.५ वर आली, असे ‘असर’च्या पाहणीत आढळले.

घरच्या शिक्षणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. घरात वृद्ध आजी असेल, मूल प्रकृतीने नाजूक असेल, तर त्यांचे रक्षण हे पहिले कर्तव्य होय. घरी मुलाच्या गतीने शिकविता येते. शिवाय इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील अनेक मराठी मुलांना शाळेत मराठी शिकावयास मिळत नाही. त्यांनी बाराखडी गिरवावयाची ती आजोबांच्या शेजारी बसूनच.

तथापि शाळा म्हणजे केवळ पाठ नव्हेत. शेजारच्या बाकावर कोण बसेल हे आई-बाप ठरवीत नाहीत, हाच शाळेचा मोठा गुण आहे. वेगळ्या जातीच्या, वेगळ्या मिळकतीच्या घरातील मुलाबरोबर डबा वाटून खाणे हेही शिक्षणच आहे. कायद्याकडे पाहिले तर २००९ च्या अधिनियमाने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला असून, शाळेत न गेलेल्या बालकास त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद केली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे, वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर, शाळेत न जाताही दहावीची परीक्षा देता येते. म्हणजे एक दार लोटले तरी परतीची वाट बंद होत नाही.

मग निर्णय कसा करावा? आमच्या मते प्रत्येक कुटुंबाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा बेत मुलाच्या गरजेतून निघाला आहे, की आपल्या भीतीतून अथवा अभिमानातून? रोज ठरलेला वेळ देणारे माणूस घरात आहे काय, की सारा भार आईवरच पडणार? आणि मुलाला सवंगडी मिळणार आहेत काय? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर मूल खुशाल घरी शिकवावे. एरवी धोका टळताच त्याला शाळेत धाडावे. घरी शिकविण्याचे ठरल्यास, आपल्या घरी राबणाऱ्या बाईच्या मुलालाही साथीचे नियम पाळून त्याच पाठास बसवावे. संकटात आपलेच मूल तेवढे पुढे नेणे हा धर्म नव्हे.

आणखी एक गोष्ट पाठांहून महत्त्वाची आहे. त्या काळात कित्येक मुलांचे आजी-आजोबा, कित्येकांचे आई-बाप गेले आणि त्यांना अखेरचे दर्शनही घडले नाही. ‘मुलांना काय कळते?’ असे म्हणून वडीलधारी गप्प राहिली, तर मूल आपल्या मनानेच भयंकर कल्पना रचीत बसते. त्याला सोप्या शब्दांत खरे सांगावे, त्याच्यासमोर दुःख लपवू नये, रडू आले तर रडू द्यावे. उठणे, जेवणे, खेळणे, निजणे यांच्या वेळा ठरलेल्या असल्या म्हणजे भ्यालेल्या मनास आधार मिळतो. गणित चार महिने मागे पडले तर पुढे भरून काढता येईल. वडीलधाऱ्यांच्या शब्दावरील विश्वास एकदा गेला, तर तो परत मिळविणे कठीण. म्हणून हा विचार आई-बापांनी एकट्याने करू नये. जाणत्या मुलालाही जवळ बसवून त्याचे मत ऐकून घ्यावे, अशी आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे.