मान्यतेवाचून विद्या

नवीन निघालेल्या व अद्यापि मान्यता न मिळालेल्या फिजिओथेरपीच्या महाविद्यालयात मुलीचे नाव घालावे काय? औंढा नागनाथास हा प्रश्न निघाल्यास कोणी म्हणेल, गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरविलेले नामदेव येथेच विसोबा खेचरांना शरण आले. विसोबांपाशी कोणाची सनद होती? उत्तर गोड आहे, पण अपुरे. नामदेव स्वतःच्या उद्धारासाठी आले होते, परक्याच्या मोडलेल्या खुब्यास हात लावण्यासाठी नव्हे.

अण्णासाहेब कर्व्यांचे महिला विद्यापीठ 1916 साली निघाले. त्यास कायद्याची मान्यता 1951 साली मिळाली. मधल्या काळात तेथे शिकलेल्या स्त्रियांचे धैर्य आम्हांस वंद्य आहे. तथापि त्यातील धोका बहुतांशी त्यांचा त्यांनाच होता. येथे तो अर्धांगाने पडलेल्या रोग्यासही आहे. शिवाय 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायास नोंदणीचे बंधन घातले आहे. मान्यता हुकली तर मुलीची चार-पाच वर्षे जातात, आणि कदाचित बापाचे शेतही.

तेव्हा शिकविणारे कोण, शिकण्यास रोगी कोठले, आणि मान्यता न आल्यास फी परत करणार काय, हे चालकांस विचारावे व लेखी मागावे. लिहून देताना जे कां-कूं करतील, त्यांच्याकडे आम्ही तरी आपली मुलगी धाडणार नाही.