चालू आणि दुरुस्त

'दुरुस्त' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ बरोबर, योग्य. चूक दुरुस्त केली असे आपण म्हणतो, तेव्हा तो अर्थ जिवंत असतो. वस्तू दुरुस्त झाली असे म्हणतो, तेव्हा मात्र पुष्कळदा ती नुसती चालू झालेली असते. या दोन शब्दांत अंतर आहे, आणि मोबाईलची दुरुस्ती करणाऱ्याला ते रोज ओलांडावे लागते.

मोबाईलच्या मुख्य चिपला, म्हणजे कारागिरांच्या भाषेत आयसीला, बाहेर पाय नसतात. तिच्या पोटाखाली कथलाच्या शेकडो गोळ्या ओळीने मांडलेल्या असतात. एकेक गोळी साधारण पाव मिलिमीटरची. फोन पडतो, खिशात वाकतो, तापतो, निवतो आणि एखाद्या गोळीला तडा जातो. २०१४ साली आलेल्या आयफोन सिक्स प्लसमध्ये स्पर्श ओळखणाऱ्या चिपचे जोड असेच सुटत आणि पडदा बोटाला दाद देईनासा होई. अखेर नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीला त्यासाठी १४९ डॉलरची दुरुस्ती योजना जाहीर करावी लागली.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा. फ्लक्स लावायचे, वरून गरम हवा द्यायची. तडकलेला जोड पुन्हा टेकतो, फोन सुरू होतो. दुसरा उपाय रिबॉलिंगचा. आयसी उचलायची, जुने कथील दोन्हीकडून पुसून काढायचे, स्टेन्सिल बसवून नव्या गोळ्या पाडायच्या आणि आयसी पुन्हा नेमकी जागेवर बसवायची. कारखान्यातले शिसेविरहित कथील २१७ अंशांच्या आसपास वितळते. ते वितळण्याआधी घाईने आयसी उचलली, तर बोर्डावरचे तांब्याचे ठिपकेही उखडून येतात. पहिल्या उपायाला काही मिनिटे पुरतात, दुसऱ्याला धीर आणि सराव लागतो. काम संपल्यावर दोन्ही फोन सारखेच दिसतात. पहिल्यातला जोड काही दिवसांत पुन्हा सुटू शकतो, एवढाच फरक. आणि तो चिपखाली झाकलेला असतो.

दुकानात हा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे, असे आपण सहज म्हणू. रिबॉलिंगचे पैसे घेऊन नुसती हवा मारली तर ती फसवणूकच. पण आता गरम हवेचे यंत्र, भिंग, स्टेन्सिल सगळे घरपोच येते आणि अनेकजण घरच्या टेबलावर आपलाच फोन उघडतात. तिथे गिऱ्हाईक नाही, पावती नाही. मग इमान कोणाशी राखायचे?

कोणी म्हणेल, माझा फोन, माझे कथील. महिनाभर चालला तरी पुष्कळ. हे म्हणणे चूक नाही. तात्पुरते काम करणे हा गुन्हा नव्हे. फोटो काढून घेण्यापुरता फोन जागा करणे हे तर शहाणपणाचेच. पण वस्तू एका हातात राहत नाही. उद्या तोच फोन धाकट्या भावाकडे जातो, नाहीतर विकला जातो, आणि तडा त्याच्याबरोबर जातो. घेणाऱ्याला तो दिसत नाही. माहीत असतो फक्त करणाऱ्याला. कथलाचेही तसेच. १८३ अंशांवर वितळते म्हणून सोयीचे पडणारे शिसेमिश्रित कथील जेवणाच्या टेबलावर वापरले, तर त्याचे कण मुलांच्या हाताला लागतात. सोय एकाची आणि धोका दुसऱ्याचा.

आजच्या बहुतेक फोनमधली माहिती मुख्य चिपशी कुलुपबंद असते. ती चिप जळाली, तर मेमरी शाबूत असूनही फोटो आणि आवाज परत मिळत नाहीत. गेलेल्या आईचा आवाज ज्या फोनमध्ये आहे, त्यावर हात बसवायला शिकू नये. अशा वेळी 'मला हे जमणार नाही' म्हणणे हेही कारागिरीतच मोडते.

प्रत्येक काम पक्केच केले पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही. गरज, पैसा, वेळ प्रत्येकाचा वेगळा. आग्रह एवढाच धरता येतो की, जे केले ते त्याच नावाने सांगावे. 'नुसते गरम केले आहे, रिबॉल केलेले नाही' हे वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत. ते ऐकल्यावर फोन घ्यायचा की नाही, हे घेणारा स्वतः ठरवू शकतो.